तपासणी इमारतीची, की शुश्रूषेची?

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडते. खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते आणि आठव्या दिवशी रुग्णालय सांगते, आता घरी न्या. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही. मुलगा परगावी नोकरीला, मुलगी परदेशात. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन मदतनीस ठेवण्याचा खर्च झेपत नाही, आणि झेपला तरी त्या महिनाभर टिकतील याची शाश्वती नसते. मग घाईघाईने, दोन-चार दिवसांत, तीन वृद्धाश्रम पाहिले जातात. त्यांपैकी एक निवडला जातो.

ही निवड कशावरून होते? फरशी स्वच्छ आहे, मागे छोटी बाग आहे, देवघर आहे, भोजनगृहात आठवड्याच्या पदार्थांचा फलक आहे, व्यवस्थापक अदबीने बोलतात. भेटीची वेळ सकाळी अकराची असते. त्या वेळी सर्वांच्या आंघोळी झालेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात. रात्री दोन वाजता तेथे किती कर्मचारी जागे असतात, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस कोण आणि किती वेळा बदलते, गेल्या सहा महिन्यांत किती जणांना शय्याव्रण झाले, किती जणांचे वजन घटले, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर मुलाला मिळत नाही. बहुतेकदा तो हे प्रश्न विचारतही नाही, कारण ते विचारायचे असतात हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शीतकपाट विकत घेताना त्यावरील तारे पाहून ते किती वीज खाईल याचा अंदाज येतो. त्या लेबलामागे सरकारी मोजमापाची पद्धत असते. आईला जेथे ठेवायचे त्या जागेसाठी असे कोणतेही मोजमाप नाही.

हा केवळ काही कुटुंबांचा प्रश्न राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार २०३६मध्ये ती २२.७ कोटींच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास १५ टक्के असेल. केरळमध्ये हे प्रमाण तोवर २३ टक्क्यांच्या आसपास पोहोचेल. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८मध्ये झालेल्या 'लासी' सर्वेक्षणात ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आणि सुमारे ४० टक्के लोकांना कोणते ना कोणते अपंगत्व असल्याचे त्यातून समोर आले. यांतील बहुसंख्य लोक घरीच राहतात आणि राहतील. तरीही या प्रचंड संख्येचा छोटासा अंश जरी संस्थांमध्ये आला, तरी तो लाखोंच्या घरात जातो. त्यांची शुश्रूषा बरी होते की वाईट, हे ठरवण्याची पद्धत देशाकडे असायला हवी.

नावातच घोळ

पहिली अडचण शब्दापासून सुरू होते. इंग्लंड-अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे वृद्ध आणि परावलंबी व्यक्तींनी दीर्घकाळ राहण्याची, परिचर्येची सोय असलेली जागा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय. तेथे प्रसूती होते, अपेंडिक्स काढले जाते आणि चार दिवसांनी रुग्ण घरी जातो. मुंबई राज्याचा १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, दिल्लीचा १९५३चा तसाच कायदा आणि केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा यांची नजर या रुग्णालयांवर आहे. गंमत अशी, की १९४९च्या कायद्यातील व्याख्येत आजार आणि इजा यांच्याबरोबरीने दुर्बलतेचाही उल्लेख आहे. म्हणजे दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांची परिचर्या करणारी जागा या व्याख्येत बसू शकते. प्रत्यक्षात मात्र नोंदणीचा रोख रुग्णालये आणि प्रसूतिगृहांवरच राहिला.

वृद्धाश्रमाकडे आपण अजूनही निवाऱ्याची जागा म्हणून पाहतो. निराधारांना छप्पर आणि दोन वेळचे जेवण देणारी धर्मादाय संस्था, ही त्याची मूळ प्रतिमा. आज त्याच पाटीखाली फार वेगवेगळ्या जागा आहेत. कुठे धडधाकट निवृत्तांची सदनिकासंकुले आहेत, कुठे देणग्यांवर चालणारी पंचवीस जणांची संस्था आहे, तर कुठे बंगला भाड्याने घेऊन त्यात अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश आणि अखेरच्या टप्प्यातील कर्करोगाचे रुग्ण ठेवलेले आहेत. या तिसऱ्या प्रकारच्या जागी नाकातील नळीने अन्न भरवले जाते, कॅथेटर सांभाळला जातो, इन्सुलिन टोचले जाते. काम रुग्णालयाच्या जवळचे असते. जबाबदारी मात्र वसतिगृहाइतकीही ठरलेली नसते. आरोग्य खाते म्हणते, हे रुग्णालय नव्हे. समाजकल्याण खाते म्हणते, आम्ही अनुदान दिले असेल तरच आमचा संबंध.

सरकारला वृद्धाश्रमाची व्याख्या करताच येत नाही असेही नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढील निवाशाकडून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत शुल्क घेतल्यास त्यावर कर लागत नाही. महसूल यंत्रणेने वृद्धाश्रम ओळखला, त्याची मर्यादाही आखली. त्या शुल्काच्या बदल्यात काय मिळाले पाहिजे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणी उचललेली नाही.

कायद्यातील 'करू शकेल'

पालक व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम २००७ साली आला. त्याचे कलम १९ सांगते, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम स्थापन 'करू शकेल'. त्यांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचे दर्जेही राज्य सरकार ठरवू 'शकेल'. 'करील' आणि 'करू शकेल' यांतील अंतर किती मोठे असते, ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरल्यास दिसते. डिसेंबर २०१८मध्ये डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले, की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत आणि तेथे वैद्यकीय सोयी कोणत्या आहेत याची माहिती राज्यांकडून घ्यावी. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर न्यायालयाला मोजणीपासून सुरुवात करावी लागली, यातच पुष्कळ काही आले.

डिसेंबर २०१९मध्ये केंद्राने या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले. ज्येष्ठांसाठीच्या निवासी संस्थांची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, तसेच त्यांच्यासाठी किमान मानके, अशा तरतुदी त्यात होत्या. स्थायी समितीने जानेवारी २०२१मध्ये अहवाल दिला. त्यानंतर विधेयक पुढे सरकले नाही आणि २०२४मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही.

तुलनेसाठी मुलांचा कायदा पाहावा. २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीविना बालगृह चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तपासणी समित्यांची तरतूदही त्यात आहे. ज्येष्ठांच्या कायद्यात शिक्षा आहे ती ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे आईला रस्त्यावर सोडणारा मुलगा कायद्याला दिसतो. पैसे घेऊन तिला दिवसभर ओल्या अंथरुणात पडू देणारी संस्था त्याच कायद्याच्या नजरेतून सुटते.

मोजायचे ते काय?

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजावा, या विषयाचा पाया अवेदिस डोनाबेदियन यांच्या १९६६च्या निबंधाने घातला. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. जागा किती, खाटा किती, माणसे किती, ही रचना. प्रत्यक्षात काय केले जाते, ती प्रक्रिया. त्यामुळे व्यक्तीचे काय झाले, तो परिणाम. आपल्या राज्यांचे नियम बहुतांशी पहिल्या पायरीवर थांबतात. राहण्याची जागा, पंखे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, पुरेसे कपडे, पहारा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाशी व्यवस्था, असे त्यांचे स्वरूप असते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु या यादीत पूर्ण गुण मिळवणाऱ्या संस्थेतही एखादी व्यक्ती शय्याव्रणाने कुजत मरू शकते.

वृद्धांच्या शुश्रूषेचा दर्जा मोजण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. काही साध्या नोंदी पुरतात, मात्र त्या कोणत्या हे नीट समजून घ्यावे लागते.

पहिली नोंद माणसांची. किती कर्मचारी नेमले आहेत यापेक्षा कोणत्या पाळीत किती जण हजर होते, विशेषतः रात्री आणि सणासुदीला, हे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियात रॉयल आयोगाने २०२१मध्ये आपला अंतिम अहवाल दिल्यानंतर प्रत्येक निवाशामागे दररोज सरासरी किती मिनिटांची शुश्रूषा मिळाली पाहिजे, हेच ठरवून देण्यात आले. ऑक्टोबर २०२३पासून २०० मिनिटे, त्यांत नोंदणीकृत परिचारिकेची ४०. आणि ऑक्टोबर २०२४पासून २१५ मिनिटे, त्यांत परिचारिकेची ४४. आपल्याला हे आकडे जसेच्या तसे झेपणार नाहीत. पण मिनिटांत मोजण्याची कल्पना घेण्याजोगी आहे. 'पुरेसा कर्मचारीवर्ग' या शब्दांना पळवाटा फार असतात.

दुसरी नोंद शय्याव्रणाची. स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या व्यक्तीची कूस दर काही तासांनी बदलली नाही, तर माकडहाड, टाच, खुबा येथील कातडी लाल होते आणि काही दिवसांत जखम हाडापर्यंत जाते. दाखल होताना कातडी शाबूत होती आणि तीन महिन्यांनी जखम दिसते, तर मधल्या रात्री कशा गेल्या हे निराळे विचारावे लागत नाही. तिसरी नोंद वजनाची. महिन्यातून एकदा सर्वांचे वजन करण्यास एक काटा आणि एक वही लागते. विनाकारण उतरणारे वजन कधी न ओळखलेला आजार दाखवते, कधी दुखरे दात किंवा हरवलेली कवळी. आणि कित्येकदा एवढेच, की भरवायला लागणारी वीस मिनिटे कोणाकडे नव्हती.

चौथी नोंद पडण्याची. येथे सावध राहावे लागते. जेथे कोणीच पडत नाही ती संस्था उत्तम, असा निष्कर्ष धोक्याचा आहे. माणसाला खाटेला बांधले किंवा झोपेच्या औषधांनी दिवसभर गुंगीत ठेवले, तर तो पडत नाही. म्हणून पडण्याच्या नोंदीशेजारी बांधून ठेवण्याची आणि गुंगीच्या औषधांची नोंद हवी: कोणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवस. डायपरचेही तसेच. आधार दिल्यास शौचालयापर्यंत चालू शकणाऱ्या व्यक्तीला कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी डायपर बांधला जातो. काही महिन्यांत तिचे चालणे सुटते, नैसर्गिक विधींवरील ताबाही जातो, आणि संस्थेच्या कागदावर मात्र 'वयोमानानुसार प्रकृतीत घट' अशी नोंद होते.

शेवटची गोष्ट वहीत मावणारी नाही. उठण्याची वेळ कोण ठरवते? आंघोळ घालताना दार लोटलेले असते का? निवृत्तिवेतनाचे पासबुक कोणाकडे आहे? मुलीशी फोनवर बोलताना व्यवस्थापक शेजारी उभा असतो का? जागतिक आरोग्य संघटनेने संकलित केलेल्या अभ्यासांत संस्थांमधील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून ज्येष्ठांशी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे गैरवर्तन झाल्याचे मान्य केले आहे. हे सारे क्रूर लोक नाहीत. बारा-बारा तासांच्या पाळ्या, तुटपुंजा पगार, प्रशिक्षण नाही आणि पंधरा जणांमागे एक माणूस, या परिस्थितीत चांगल्या माणसाचाही हात आणि आवाज चढतो. म्हणून कर्मचाऱ्यांचे वेतन आणि ते किती काळ टिकतात, हेही शुश्रूषेच्या दर्जाचेच माप आहे.

कागद सांगतात, माणसे सांगतात

मोजमाप कोणी करायचे, हा त्याहून अवघड प्रश्न. संस्थेने स्वतः भरून दिलेल्या तक्त्यावर विश्वास ठेवण्याचा परिणाम अमेरिकेने पाहिला आहे. तेथे १९८७च्या कायद्याने अशा गृहांची पूर्वसूचनेविना नियमित तपासणी सुरू झाली. २००८पासून प्रत्येक गृहाला एक ते पाच तारे देऊन ते जाहीर केले जाऊ लागले. सुरुवातीला कर्मचाऱ्यांची संख्या मात्र गृहे स्वतःच कळवत. २०१६पासून ही माहिती वेतनपत्रकांवरून घेण्यास सुरुवात झाली आणि २०१८मध्ये तिच्या आधारे तारे दिले गेले, तेव्हा हजाराहून अधिक गृहे कर्मचारीसंख्येच्या निकषावर एका ताऱ्यावर घसरली. कोठे माहितीच नीट दिलेली नव्हती, तर कोठे कित्येक दिवस एकही नोंदणीकृत परिचारिका हजर नव्हती. वेतनपत्रक पाहिल्याविना हे दिसले नसते.

आपला स्वतःचा धडा त्याहून कठोर आहे. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात सरकारी अधिकारी तपासणीसाठी जात होते, शेरे लिहीत होते. तेथील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने राज्यातील ११० निवासी संस्थांच्या केलेल्या सामाजिक अंकेक्षणातून, २०१८मध्ये. या गटाने निराळे काय केले? नोंदवह्या पाहिल्याच, पण त्याबरोबर तेथे राहणाऱ्यांशी बोलण्यासाठी वेळ दिला. हे इतके साधे आहे, आणि तपासणीच्या आपल्या सरकारी पद्धतीत नेमके हेच वगळलेले असते.

त्याआधीचा धडा तमिळनाडूतील एरवाडीचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका मनोरुग्ण निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे होरपळून मरण पावली. त्यानंतर चौकशी झाली, अशी निवासस्थाने बंद झाली, परवान्यांची चर्चा सुरू झाली. नियमन जागे होण्यासाठी प्रेते मोजावी लागतात, हा आपला शिरस्ता वृद्धाश्रमांच्या बाबतीत तरी टाळता येण्याजोगा आहे.

आक्षेप आणि उत्तरे

सक्तीच्या नोंदणीला तीन आक्षेप घेतले जातात. ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा, की छोट्या धर्मादाय संस्था बंद पडतील. हा धोका खरा आहे. ज्यांना कोणीच ठेवून घेत नाही त्यांना याच संस्था ठेवून घेतात. म्हणून मानके एकसारखी नसावीत, श्रेणीनुसार असावीत. केवळ निवास देणाऱ्या जागेला निवासाचे नियम, दैनंदिन मदत देणाऱ्या जागेला त्याहून अधिक, आणि परावलंबी व्यक्तींची परिचर्या करणाऱ्या जागेला आरोग्यसंस्थेचे नियम. कमी पडणाऱ्या संस्थेला आधी मुदत आणि मदत मिळावी. टाळे लावणे हा शेवटचा उपाय असावा, तोही निवाशांची दुसरी सोय लागल्यानंतरच. गुणांकन करताना निवाशांची प्रकृतीही विचारात घ्यावी लागेल. अन्यथा चांगले गुण मिळवण्यासाठी संस्था सर्वांत आजारी व्यक्तींनाच दार बंद करतील.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे. दर्जा वाढला की खर्च वाढतो, हे मान्य करायलाच हवे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा आजही ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आहे आणि ऐंशीपुढे ५००. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४मध्ये सत्तरीपुढील सर्वांना खुली झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. तिच्यातून खुब्याची शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांच्या शुश्रूषेला मात्र ती हात लावत नाही, आणि कुटुंब खरे मोडते ते त्या सहा महिन्यांत. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सरकारने काही खर्च उचलल्याविना केवळ निरीक्षक पाठवणे अन्यायाचे ठरेल. पैसा आणि मोजमाप यांनी एकत्रच यायला हवे: सरकार ज्या निराधाराचा खर्च उचलेल, त्याची शुश्रूषा कशी झाली हे संस्थेने दाखवावे.

तिसरा आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो. आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे, वृद्धाश्रम ही परकी कल्पना आहे, तिला नियमांची प्रतिष्ठा कशाला द्यायची, असा त्याचा सूर असतो. कुटुंबे आपल्या माणसांसाठी आजही अपार कष्ट घेतात, आणि त्यांतील बहुतेक कष्ट सुना आणि मुली घेतात. पण जी व्यक्ती आज संस्थेत आहे, तिला या अभिमानाचा काय उपयोग? लाजेपोटी एखाद्या जागेकडे पाहायचेच नाही, असे समाजाने ठरवले की तेथील माणसे अधिकच असहाय होतात.

राज्यांना थांबण्याचे कारण नाही

संसदेत नवे विधेयक यायला हवेच. परंतु सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे आणि २००७च्या कायद्याने दर्जे ठरवण्याचा अधिकार राज्यांना आधीच दिलेला आहे. उद्यापासून करता येतील अशा काही गोष्टी आहेत.

एक, पाचपेक्षा अधिक ज्येष्ठांना ठेवणाऱ्या प्रत्येक जागेची सोपी, मुदतबंद नोंदणी. दोन, आरोग्य आणि समाजकल्याण खात्याची संयुक्त तपासणी, वर्षातून दोनदा, त्यांतील एक रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आणि पूर्वसूचनेविना. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमातून २०१०-११पासून जिल्हा रुग्णालयांत वृद्धोपचार कक्ष उभे करण्याचे काम सुरू आहे. तेथील परिचारिका या पथकात असावी, कारण टाचेवरचा लाल डाग काय सांगतो हे तिला कळते. तीन, वर सांगितलेल्या पाच-सहा नोंदींचा एक पानाचा गोषवारा प्रत्येक वृद्धाश्रमाच्या दारावर आणि सरकारी संकेतस्थळावर. इंग्लंडमध्ये २०१४पासून अशा गृहांना 'उत्कृष्ट' ते 'अपुरे' अशा चार श्रेणींत बसवून निकाल जाहीर केला जातो. तेथील व्यवस्थेतही दोष आहेत, पण निवड करणाऱ्या कुटुंबाच्या हातात निदान एक कागद असतो. चार, १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी प्रत्येक निवाशाला व्यवस्थापकाच्या परवानगीविना वापरता यावी आणि तिच्यावरील तक्रार थेट तपासणी पथकाकडे जावी.

पाचवी गोष्ट केरळकडून शिकण्यासारखी आहे. तेथे २००८च्या उपशामक सेवा धोरणानंतर पंचायतींच्या आधाराने परिचारिका आणि स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नियमित जातात. असेच स्वयंसेवक वृद्धाश्रमांतही गेले, तर दोन सरकारी तपासण्यांच्या मधल्या काळात बाहेरच्या माणसांची नजर तेथे राहील. बंद दारांना सर्वांत मोठी भीती नियमित येणाऱ्या पाहुण्याची असते.

तोवर कुटुंबांनी काय करावे? जागा पाहायला सकाळी अकराऐवजी रात्री आठला जावे, आणि न सांगता. बाग पाहण्याआधी तेथील एखाद्या आजींची नखे, ओठ आणि टाचा पाहाव्यात. रात्रपाळीत किती जण, हे व्यवस्थापकाला विचारून झाल्यावर मदतनीस बाईंनाही विचारावे. वजनाची वही मागावी. करारात दोन गोष्टी शोधाव्यात: अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी, आणि आजार वाढल्यास संस्था ठेवून घेणार की चोवीस तासांत न्यायला सांगणार. आणि ठेवल्यानंतरही जात राहावे, वेगवेगळ्या वेळी. ज्यांना भेटायला कोणी येते त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष अधिक असते, हे कटू असले तरी खरे आहे.

पण हा झाला ज्यांना मुले आहेत, वेळ आहे, प्रश्न विचारण्याचे बळ आहे त्यांचा मार्ग. ज्यांच्याकडे यांतले काही नाही त्यांच्यासाठीच राज्यसंस्था असते. रात्री दोन वाजता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना शौचालयात जायचे आहे. त्या घंटी वाजवतात. कोणी यायला किती मिनिटे लागली, की त्या वाट पाहून स्वतःच उठल्या आणि पुन्हा पडल्या, हे सकाळपर्यंत कोणाला ठाऊक नसेल आणि कोणत्याही वहीत लिहिलेले नसेल. ते लिहिले जाईल, वाचले जाईल आणि त्याबद्दल कोणाला तरी उत्तर द्यावे लागेल, एवढी तजवीज करण्यासाठी आणखी एका एरवाडीची वाट पाहू नये.